बर्फ पडण्याआधी कुत्री गाडी का ओढतात?

फिनलंडच्या लॅपलँडमध्ये, मुओनिओसारख्या गावात, सप्टेंबरातला दिवस सुरू होतो तो तापमापक बघून. पारा ४-५ अंशांवर असेल तर हस्की कुत्र्यांच्या फार्मवर लगबग उडते. कुणी हार्नेस काढतं, कुणी जमिनीवर लांब दोर अंथरतं, कुणी गाडीचे ब्रेक दाबून बघतं. पारा १२-१३ वर असेल आणि हवा दमट असेल, तर दौड रात्रीवर ढकलली जाते. १५ च्या वर गेला तर बहुतेक ठिकाणी कुत्र्यांना सुट्टी. ज्या हवेत आपण पुण्यात स्वेटर शोधतो, ती हवा या कुत्र्यांना कामासाठी गरम पडते.

बर्फ जमायला अजून महिना-दीड महिना असतो. बर्चची पानं पिवळीधमक झालेली असतात, जमिनीलगतची झुडपं लालभडक. या रंगांच्या दिवसांना फिनिश भाषेत ‘रुस्का’ म्हणतात. आणि या रंगांमधून, चिखल उडवत, कुत्र्यांचा तांडा चाकांची एक गाडी ओढत जातो.

आपल्याकडून उत्तरप्रकाश बघायला सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे जाणारे बरेच आहेत. सहलीच्या यादीत ‘चाकांच्या गाडीतून हस्की सफर’ असं दिसलं की पुष्कळांना ती तडजोड वाटते. बर्फ नाही, घसरगाडी नाही, मग काय मजा? मला हे अगदी उलटं वाटतं. हिवाळ्यात तुम्ही बघता तो तयार झालेला संघ. तो घडतो शरदात, याच गाडीपुढे. आणि हे घडवणं इतकं अवघड का आहे, हे कळायचं तर आधी उष्णतेचं गणित समजून घ्यावं लागतं.

कुत्र्याच्या अंगातली भट्टी

कोणताही स्नायू काम करतो तेव्हा वापरलेल्या ऊर्जेचा साधारण पाव भाग हालचालीत उतरतो. उरलेली सगळी उष्णता होते. आपण जिना चढून घामाघूम होतो ते त्यामुळेच. आपलं नशीब एवढंच, की आपल्या अंगभर घामाच्या ग्रंथी आहेत. घाम सुकतो आणि अंगातली उष्णता घेऊन जातो.

कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि त्यातून अंग गार व्हायला फारशी मदत होत नाही. त्यात हस्कीचा कोट दुहेरी. आत दाट, मऊ लोकर आणि बाहेर राठ लांब केस. उणे ३० अंशांत बर्फावर झोपायला हा कोट उत्तम, पण धावताना तो थर्मासच्या भिंतीसारखा उष्णता आतच कोंडतो. मग उरतो एकच मोठा मार्ग: धापा.

धापा टाकणारा कुत्रा दमलेला दिसतो, पण ती दमल्याची खूण कमी आणि गार होण्याची यंत्रणा जास्त आहे. कुत्रा मिनिटाला ३०० च्या वर श्वास घेऊ शकतो. एवढ्या वेगाने छाती हलवायला किती कष्ट पडत असतील, असं वाटेल. इथे निसर्गाने झोपाळ्याची युक्ती वापरली आहे. झोपाळा त्याच्या स्वतःच्या लयीत असेल तर नेमक्या वेळी दिलेला हलका धक्काही पुरतो, लयीबाहेर हलवायला गेलात तर दम निघतो. कुत्र्याच्या छाती-फुप्फुसांचीही अशी एक नैसर्गिक लय असते आणि कुत्रा बरोबर त्याच लयीत धापा टाकतो. म्हणून गार होण्याच्या या कामातून नवी उष्णता फारशी तयार होत नाही.

दुसरी गंमत नाकाची. नॉर्वेत जन्मलेले शरीरशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं, की धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकाने आत घेतो आणि तोंडाने बाहेर सोडतो. नाकात पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांवर ओलसर अस्तर. कोरडी, गार हवा त्यावरून जाते, पाण्याची वाफ करते आणि अस्तरातलं रक्त गार होतं. तीच हवा नाकाने परत गेली असती तर घेतलेली बरीच उष्णता पुन्हा तिथेच ठेवून गेली असती. तोंडाने बाहेर गेल्यामुळे ती कायमची जाते.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. आपला माठ याच नियमावर चालतो. आणि मुंबईत ऐन मेमध्ये माठ नीट गार होत नाही, त्याचं कारणही इथे तसंच लागू पडतं: हवाच ओलसर असेल तर वाफ होणार कशी? म्हणून मशर, म्हणजे कुत्रागाडी हाकणारा माणूस, पारा आणि दमटपणा दोन्ही बघतो. पावसानंतरचे १० अंश हे कोरड्या १० अंशांपेक्षा कुत्र्याला जड जातात.

स्वस्थ बसलेल्या कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं. जोरकस दौडीनंतर ते ४० च्या वर जाणं या कुत्र्यांत नेहमीचं आहे आणि विश्रांती मिळाली की ते उतरतं. पण ४१ च्या पुढे जाऊन तिथेच राहिलं, तर स्नायू, आतडी, मेंदू सगळ्यांवर घाला येतो. खुणा आधीच दिसू लागतात. जीभ फावड्यासारखी रुंद होते, पावलं अडखळतात, ओढीचा दोर मध्येच सैल पडतो. चांगल्या मशरची नजर त्या दोरावर असते.

कुत्रा स्वतःहून थांबत का नाही? कारण ओढणं त्याला मनापासून आवडतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ते आवडतं अशांचीच पिल्लं वाढवली गेली. जोडीदार धावतोय तोवर हाही धावणार. थांबायचं कधी हा निर्णय म्हणून पूर्णपणे माणसाचा असतो, आणि शरदातल्या गाडीवर माणसाची खरी परीक्षा ती असते.

यात आणखी एक पेच आहे. उन्हाळ्यात कुत्र्यांची आतली लोकर गळते आणि दिवस लहान होऊ लागले की नवी भरायला लागते. लोकर मुख्यतः उजेडाच्या तासांवर चालते, त्या दिवशीच्या हवेवर नाही. त्यामुळे ऑक्टोबरात अचानक उबदार आठवडा आला तर कुत्री हिवाळी कोट घालून उन्हाळ्यात धावल्यासारखी होतात.

जाता जाता मनात साचलेलं एक सांगतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये सायबेरियन हस्की दिसतो तेव्हा मला वाईट वाटतं. ज्या जनावराचं काम १५ अंशांना थांबवतात, त्याने ३५ अंशांत डांबरी रस्त्यावर फेरी मारायची. एसी लावून घरात ठेवलं तरी त्याला धावायला हवं असतं, ते कुठून आणणार? निळ्या डोळ्यांवर भाळून पिल्लू घेण्याआधी हे गणित एकदा करून बघावं.

गाडी आणि तिचं वजन

आता गाडीकडे वळू. फार्मवर साधारण तीन प्रकार दिसतात. एक खास बनवलेली पोलादी गाडी: तीन किंवा चार जाड टायरची चाकं, हँडल किंवा स्टिअरिंग, चाकांना ब्रेक, पाहुण्यांसाठी बाक. दुसरी, क्वाड बाइक, म्हणजे शेतात वापरतात ती चारचाकी मोटरसायकल. तिसरी, इंजिन काढून टाकलेल्या जुन्या मोटारीचा सांगाडा. दिसायला ओबडधोबड, पण वजन आणि ब्रेक दोन्ही मिळतात म्हणून काही मशर तोच वापरतात.

एवढी जड वस्तू कशाला? ढोबळ हिशेब करू. क्वाड बाइक ३०० किलो आणि चालवणारा ८० किलो, मिळून ३८० किलो. सपाट, टणक मातीच्या रस्त्यावर रबरी चाक पुढे न्यायला वजनाच्या साधारण ३ टक्के जोर लागतो असं धरू, म्हणजे ११ किलोच्या आसपास. दहा कुत्री असली तर प्रत्येकाच्या वाट्याला किलोभर. फारच सोपं. पण १०० मीटरला ५ मीटर चढणारा चढ आला की वजनाचे आणखी ५ टक्के ओढावे लागतात, म्हणजे १९ किलो. एकूण ३० किलो, दर कुत्र्यामागे ३. क्षणात तिप्पट! बर्फावरची घसरगाडी माणूस आणि सामानासकट १३० किलोची धरली आणि बर्फाचं घर्षण वजनाच्या ५ टक्के मानलं, तर त्याच चढावर दहा कुत्र्यांना मिळून १३ किलो ओढावे लागतात, दर कुत्र्यामागे १.३.

चाक बर्फापेक्षा सहज फिरतं हे खरं, तरी जड गाडी चढावर ताकद मागते. शरदातली गाडी ही या कुत्र्यांची व्यायामशाळा आहे ती अशी. क्वाड बाइकचं इंजिन बहुधा चालूच ठेवतात. चढावर कुत्री थकत आहेत असं दिसलं की थोडा हात द्यायचा, उतारावर गिअरमध्ये ठेवून वेग आवरायचा.

वेग आवरणं ही या दिवसांतली मोठी गोष्ट. ताजीतवानी कुत्री ताशी ३० किलोमीटरचा वेग सहज गाठतात, पण उन्हाळाभर आराम केलेल्या सांध्यांना आणि स्नायूबंधांना तो झेपत नाही. म्हणून मशर ब्रेकवर पाय ठेवून त्यांना १२-१५ च्या आसपास दुडक्या चालीत ठेवतो. बर्फावर थांबायला नांगरासारखा लोखंडी आकडा असतो, तो बर्फात रुतवला की गाडी अडते. उघड्या मातीत त्याचा उपयोग नाही. इथे हँडब्रेक लावायचा आणि गाडी झाडाला किंवा खांबाला दोराने बांधायची. त्या दोराला एका खेचीत सुटणारी कडी असते. निघण्याच्या क्षणी ती ओढली की सुटली.

गाडी आणि मुख्य दोर यांच्यामध्ये एक लवचीक, ताणणारा तुकडा असतो. पाहुण्यांच्या तो लक्षातही येत नाही. दहा कुत्री एकाच वेळी झेपावतात आणि ३०० किलोची गाडी जागची हलायला क्षणभर मागते. तो धक्का त्या तुकड्याने खाल्ला नाही, तर कुत्र्यांच्या पाठीने खावा लागतो.

कासरा नसलेली गाडी

बैलगाडीत मानेवर जू असतं आणि हातात कासरा. कुत्रागाडीत यातलं काहीच नाही. ओढ येते ती हार्नेसमधून, छाती आणि खांद्यांवर. पाठीवर पट्ट्यांची फुली होते, आणि शेपटीच्या मुळाशी ओढीचा दोर जोडलेला असतो. गळ्याजवळचा दुसरा छोटा दोर कुत्र्याला रांगेत ठेवण्यापुरता. मधला मुख्य दोर बऱ्याचदा आतून तारेचा असतो, कारण उत्साहाच्या भरात कुत्री दोर कुरतडतात.

दिशा द्यायला फक्त आवाज. इंग्रजी बोलणाऱ्या मशरांमध्ये ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे, ‘हाइक’ म्हणजे चला, ‘वो’ म्हणजे थांबा. यातले जी, हॉ आणि वो हे तिकडच्या बैल-घोडे हाकणाऱ्यांचे जुने शब्द. ‘मशर’ हा शब्द मात्र फ्रेंचमधून आला, ‘मार्श’ म्हणजे चला यावरून.

सगळ्यात पुढची जोडी ‘लीड’, तिच्यामागची ‘स्विंग’, मधली ‘टीम’ आणि गाडीच्या लगतची ‘व्हील’. हा शेवटचा शब्द मला फार आवडतो. बर्फावर चाक कुठून आलं? तो शब्द घोडागाडीतून आला, जिथे चाकांजवळच्या घोड्यांना तसं म्हणत. हिवाळाभर हे नाव उसनं वाटतं, शरदात व्हीलची जोडी खरोखरच चाकांपुढे धावते. या जागेवर अंगाने मजबूत आणि डोक्याने शांत कुत्री लागतात, कारण गाडीचे हिसके आधी त्यांना बसतात.

कोण कुठे शोभतं, हे शरदातच ठरतं. गेल्या वर्षी जन्मलेली कुत्री पहिल्यांदा संघात येतात. अशा नवख्याला अनुभवी कुत्र्याच्या शेजारी जोडतात. सुरुवातीला तो उलटा वळतो, दोरात पाय अडकवतो, उडणाऱ्या पाखरामागे झेपावतो. शेजारचा मात्र सरळ चाललेला असतो. चार-सहा फेऱ्यांत नवखा त्याची चाल उचलतो. माणूस त्याला जेवढं शिकवतो त्याहून जास्त शेजारी शिकवतो. पुढच्या जोडीलाही याच दिवसांत नवे धडे मिळतात: वाटेत रेनडिअर उभे असले तरी न बघता पुढे जा, आणि गाडी थांबली तरी दोर ताठ धरून उभे राहा. हिवाळ्यात अंधारात, वादळात याच सवयींवर सगळं अवलंबून असतं.

निघण्याआधीचा गोंगाट ऐकण्यासारखा असतो. कुत्री भुंकतात, किंचाळतात, चारी पायांवर उड्या मारतात, हार्नेस दिसला तरी रडतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, यांना काही त्रास होतोय का? मग कडी सुटते, आणि त्या क्षणी सगळं शांत होतं. उरतो चाकांखालच्या खडीचा आवाज आणि चाळीस पावलांची टपटप.

थोडं थोडं करत

पहिल्या फेऱ्या जेमतेम ३-४ किलोमीटरच्या, त्याही मध्ये थांबे घेत. आठवड्यांमागून अंतर वाढवत नेतात. लांब शर्यतींचे संघ शरद संपेपर्यंत एका वेळी ३०-४० किलोमीटर सहज करतात. दौडीच्या तास-दोन तास आधी पाणी पाजायचं असतं. नुसतं पाणी कुत्री पितातच असं नाही, म्हणून त्यात मांसाचे किंवा माशाचे तुकडे घालून पातळ रस्सा करतात, तो ती शेवटच्या थेंबापर्यंत चाटतात.

पंजे ही दुसरी काळजी. बर्फ मऊ असतो, खडी नसते. खडबडीत रस्त्यावर तळवे झिजतात, बोटांच्या बेचक्यात चिरा पडतात. म्हणून जंगलातल्या मातीच्या, पानं पडलेल्या वाटा निवडतात, डांबर शक्यतो टाळतात आणि गरज पडली तर कापडी मोजे घालतात. प्रत्येक दौडीनंतर प्रत्येक पंजा हातात घेऊन बघायचा. तीस कुत्री असतील तर एकशे वीस पंजे.

उत्तरेला, अगदी टोकाशी

चाकांची गाडी सगळीकडे फक्त शरदापुरती नसते. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, ७८ अंश उत्तरेला, लाँगइअरब्येन नावाचं गाव आहे. तिथे जुलैतही पारा सरासरी ७ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे बर्फ नसलेल्या सगळ्या महिन्यांत आडव्हेंटदालेन खोऱ्यात चाकांच्या गाड्या धावतात. झाड एकही नाही. गाइडच्या खांद्यावर बंदूक असते, कारण गावाबाहेर पांढरं अस्वल कुठेही भेटू शकतं. तिथल्या कुत्र्यांच्या आवाराशेजारी उन्हाळ्याच्या सुरुवातीला आयडर बदकं घरटी करतात. बांधलेल्या कुत्र्यांच्या भीतीने कोल्हे तिकडे फिरकत नाहीत, हे बदकांनी ओळखलं आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य जो मावळतो तो फेब्रुवारीपर्यंत उगवत नाही, मग सगळं काम कपाळावरच्या दिव्यात.

लांबत चाललेला शरद

हे सगळं आज आणखी महत्त्वाचं झालं आहे, त्याचं कारण सुखावणारं नाही. फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. समुद्रावरचा बर्फ उशिरा धरू लागल्याने ही वाढ शरद आणि हिवाळ्यात जास्त जाणवते. अलास्कातली इडिटारॉड ही सुमारे १,६०० किलोमीटरची शर्यत १९७३ पासून भरते. २०१४ मध्ये तिच्या वाटेवर काही पट्ट्यांत बर्फच नव्हता आणि उघड्या जमिनीवर घसरगाड्या मोडल्या. २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये बर्फाअभावी खरी सुरुवात उत्तरेला फेअरबँक्सला हलवावी लागली. मार्चमध्ये ही गत, तर ऑक्टोबरचं काय बोलावं? चाकांवरचे आठवडे वाढत चालले आहेत, आणि गारव्याचे तास कमी.

जिथे बर्फ मुळातच कमी, अशा युरोपातल्या प्रदेशांत चाकांवरच्या शर्यती हा स्वतंत्र खेळच झाला आहे. कुणी तीनचाकी गाडी, कुणी सायकल, कुणी पायाने ढकलायची स्कूटर, तर कुणी कमरेला दोर बांधून कुत्र्यामागे नुसतं धावतं. त्याही शर्यतींत उन्हं चढण्याआधी धावून घेण्याकडे कल असतो.

तुम्ही जाणार असाल तर

नोंदणी करताना एक प्रश्न जरूर विचारा: हवा गरम निघाली तर काय करता? ‘फेरी रद्द करतो किंवा वेळ बदलतो’ असं उत्तर मिळालं तर निश्चिंत जा. ‘कुठल्याही हवेत नेतो’ म्हणणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही, पैसे कमी असले तरी. एक कुत्रा दिवसात किती फेऱ्या करतो, तेही विचारा. फार्मवर गेलात की पाण्याची भांडी, विश्रांतीची जागा आणि मोकळं पळायला कुंपणातलं मैदान आहे का, हे डोळ्यांनी दिसतंच.

कपडे जुने घाला. पुढच्या कुत्र्यांच्या चाळीस पायांचा चिखल थेट तोंडावर येतो, म्हणून चष्मा किंवा गॉगल हवा. कुत्री धावता धावताच शी करतात, त्याचेही शिंतोडे उडू शकतात, हे आधी माहीत असलेलं बरं. गाडी थांबली तरी सांगेपर्यंत उतरू नका. वजन हललं, दोर सैल झाला की कुत्र्यांना ती निघायची खूण वाटते. आणि उतरल्यावर, गाइडला विचारून, कुत्र्यांच्या मानेवर हात फिरवा. त्या दाट लोकरीत बोटं घातली की आतली ऊब लगेच कळते.

आणखी एक. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात, सगळीकडे पांढरं झालेलं दिसलं आणि तरीही तुम्हाला चाकांच्या गाडीतच बसवलं, तर फसवल्यासारखं वाटून घेऊ नका. पहिला बर्फ फार तर विटीदांडूसाठी खणतात त्या खळग्याइतका खोल असतो, आणि त्याखाली दगड, मुळं, गोठलेली ढेकळं तशीच असतात. घसरगाडीचा ब्रेक त्यात रुतत नाही, लोखंडी आकडा धरत नाही, आणि दहा कुत्री काही ऐकत नाहीत. म्हणून बर्फ दाबून टणक होईपर्यंत मशर पांढऱ्या वाटेवरही आणखी काही दिवस चाकांची गाडीच नेतो.